शनीला चंद्र किती? ६२, ८२, १४६ की २७४? शाळेचा ‘ग्रह प्रकल्प’ करताना कोणता आकडा लिहायचा, समजून घ्या

एकाच ग्रहाबद्दल पुस्तकात एक, तक्त्यावर दुसरा आणि इंटरनेटवर तिसराच आकडा का दिसतो? प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले तर काय सांगायचे? शनीच्या उदाहरणातून ही उजळणी.

‘आई, उद्या ग्रहाचा प्रोजेक्ट द्यायचा आहे,’ हे वाक्य बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणानंतरच ऐकू येते. मग स्टेशनरीच्या दुकानाकडे धाव, चार्टपेपर, स्केचपेन आणि शेवटी मोबाइलवर शोध. सूर्यमालेतील आठ ग्रहांपैकी मुलांची पसंती बऱ्याचदा शनीला असते. त्याला कडी आहेत, चित्र छान दिसते आणि ओळखायला सोपा.

अडचण सुरू होते ती माहिती लिहिताना. शनीला चंद्र किती, या साध्या प्रश्नाला चार ठिकाणी चार उत्तरे मिळतात. जुन्या तक्त्यावर ६२, एखाद्या पुस्तकात ८२, एका संकेतस्थळावर १४६, तर दुसऱ्यावर २७४. शनीचा दिवस किती तासांचा, यावरही एकमत दिसत नाही. मूल ताजा आकडा शोधून लिहिते आणि तपासणाऱ्याच्या हातातील पुस्तकात जुना आकडा असेल, तर बरोबर उत्तरावर लाल फुली बसण्याची भीती असते. म्हणून आकडा कुठून आला आणि तो का बदलला, हे मुलाला सांगता येणे महत्त्वाचे.

मग चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. चारही आकडे आपापल्या काळात बरोबर होते.

२०१९ पर्यंत शनीचे ६२ चंद्र माहीत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आणखी २० चंद्रांची घोषणा झाली आणि संख्या ८२ वर गेली. हवाई बेटांवरील सुबारू दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ते सापडले होते. त्यामुळे ७९ चंद्र असलेल्या गुरूला शनीने मागे टाकले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूची संख्या ९२ झाली आणि तो पुन्हा पुढे गेला. मे महिन्यात शनीच्या आणखी ६२ चंद्रांची भर पडली आणि लवकरच यादी १४६ वर पोहोचली. म्हणजे ‘सर्वाधिक चंद्र कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी तीन-चार महिन्यांत दोनदा बदलले.

११ मार्च २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने, म्हणजे आयएयूने, आणखी १२८ चंद्रांना मान्यता दिली. १४६ अधिक १२८, म्हणजे २७४. तैवानमधील अ‍ॅकॅडेमिया सिनिका या संस्थेचे एडवर्ड अ‍ॅश्टन यांच्या नेतृत्वाखालील गटाने हे चंद्र शोधले.

एवढे चंद्र आधी दिसले कसे नाहीत?

कारण ते फार लहान आहेत. यातील बहुतेकांचा आकार जेमतेम काही किलोमीटर. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरचा काही किलोमीटरचा खडक एका छायाचित्रात उमटतच नाही.

त्यासाठी शास्त्रज्ञ एक युक्ती वापरतात. आकाशाच्या एकाच भागाची काही तास लागोपाठ छायाचित्रे घेतली जातात. मग चंद्र ज्या वेगाने सरकत असेल, त्या वेगाने प्रत्येक छायाचित्र थोडे थोडे सरकवून ती सगळी एकमेकांवर रचली जातात. असे केल्यावर एका छायाचित्रात न दिसणारा अंधूक ठिपका उठून दिसू लागतो. तो ठिपका खरोखर शनीभोवतीच फिरतो आहे, हे पटण्यासाठी नंतरही निरीक्षणे घेत राहावी लागतात. नव्या चंद्रांसाठी २०१९ ते २०२१ या काळात आणि पुन्हा २०२३ मध्ये निरीक्षणे झाली होती.

शिवाय चंद्र म्हणायला किमान किती मोठे असावे लागते, याची ठरलेली मर्यादा नाही. त्यामुळे दुर्बिणी सुधारतील तशी संख्या आणखी वाढेल. म्हणून प्रकल्पात नुसते ‘२७४ चंद्र’ न लिहिता असे लिहावे:

‘शनीचे ज्ञात चंद्र: २७४ (मार्च २०२५ मधील आयएयूच्या मान्यतेनुसार)’

‘ज्ञात’ हा शब्द आणि कंसातील तारीख या दोन गोष्टी असल्या की पुढे संख्या वाढली तरी हे वाक्य चुकीचे ठरत नाही. प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात नासाच्या संकेतस्थळावरील शनीचे पान पुन्हा पाहावे. आकडा बदललेला असेल तर नवा आकडा आणि नवी तारीख टाकावी.

सगळेच आकडे असे बदलतात का?

नाही. ग्रहाची माहिती गोळा करताना आकड्यांचे चार गट केले तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

१. जवळजवळ न बदलणारे. शनीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, वस्तुमान, व्यास, सूर्याभोवतीच्या फेरीचा काळ. विषुववृत्तावर शनीचा व्यास सुमारे १ लाख २० हजार ५०० किलोमीटर, तर ध्रुवांमधून मोजला तर सुमारे १ लाख ८ हजार ७०० किलोमीटर. एका फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. हे आकडे जुन्या पुस्तकातून घेतले तरी फार बिघडत नाही.

२. मोजमाप सुधारल्याने बदलणारे. याचे ठळक उदाहरण म्हणजे शनीचा दिवस. पृथ्वीवरील एखाद्या डोंगराकडे पाहून तिची गिरकी मोजता येते. शनीला मात्र पाय ठेवायला टणक पृष्ठभागच नाही. वर दिसतात ते ढगांचे पट्टे, आणि वेगवेगळे पट्टे वेगवेगळ्या वेगाने फिरतात. गुरूसारख्या ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र अक्षाला तिरके असल्याने गिरकीचा काळ काढायला मदत होते. शनीचे चुंबकीय क्षेत्र अक्षाशी जवळपास सरळ रेषेत आहे, त्यामुळे तीही सोय नाही. १९८०-८१ मध्ये व्हॉयेजर यानांच्या माहितीवरून सुमारे १० तास ३९ मिनिटे हा आकडा मिळाला. २००४ मध्ये कॅसिनी यानाने रेडिओ संकेतांवरून मोजले तेव्हा सुमारे १० तास ४५ मिनिटे आले. शेवटी शास्त्रज्ञांनी कड्यांची मदत घेतली. शनीच्या पोटातील हालचालींमुळे कड्यांमध्ये उठणारे तरंग अभ्यासून २०१९ मध्ये १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद हा आकडा जाहीर झाला.

३. नवे सापडत गेल्याने वाढणारे. चंद्रांची संख्या या गटात येते.

४. ज्यावर अजून वाद आहे असे. शनीची कडी किती जुनी, हा असाच एक प्रश्न. कॅसिनीने मोजलेल्या कड्यांच्या वस्तुमानावरून काही शास्त्रज्ञांनी त्यांचे वय १ ते १० कोटी वर्षे सांगितले, तर काहींच्या मते ते ४० कोटी वर्षांपर्यंत असू शकते. अलीकडे कडी शनीएवढीच, म्हणजे सुमारे ४५० कोटी वर्षे जुनी असू शकतील, असाही दावा झाला आहे. इथे एकच आकडा ठोकून देण्यापेक्षा ‘शास्त्रज्ञांत मतभेद आहेत’ असे लिहून दोन्ही बाजू एकेका ओळीत मांडणे योग्य.

प्रकल्पाच्या वहीत माहितीच्या तक्त्याला तीन रकाने करावेत: आकडा, कुठून घेतला, कोणत्या वर्षाचा. चॅटबॉटला विचारून मिळालेल्या उत्तरात बऱ्याचदा नेमका तिसरा रकाना रिकामा राहतो. म्हणून तिथून आलेला आकडा मूळ ठिकाणी पडताळल्याशिवाय चार्टवर उतरवू नये.

माहिती शोधायची कुठे?

अंतर, व्यास, वस्तुमान आणि चंद्रांची संख्या यासाठी नासाचे संकेतस्थळ सोपे आणि सर्वांना खुले आहे. छायाचित्रेही तिथे मिळतात, मात्र त्याखालील ओळ नीट वाचावी. काही चित्रे कलाकाराने काढलेली असतात, तर काहींत तपशील उठून दिसावेत म्हणून कृत्रिम रंग भरलेले असतात. १९ जुलै २०१३ रोजी कॅसिनीने शनीच्या सावलीतून टिपलेले छायाचित्र प्रकल्पासाठी उत्तम. त्यात कड्यांच्या पलीकडे पृथ्वी एका लहानशा ठिपक्यासारखी दिसते.

मराठी परिभाषेसाठी मराठी विश्वकोश उपयोगी पडतो. परिवलन म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी आणि परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवतीची फेरी, अशा शब्दांतील फरक तिथे पक्का करून घेता येतो. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण, पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका अशी ठिकाणेही आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात.

शनी पाहायला दुर्बीण हवीच असे नाही. नुसत्या डोळ्यांनी तो पिवळसर, न लुकलुकणाऱ्या ताऱ्यासारखा दिसतो. कड्यांसाठी मात्र लहान का होईना, दुर्बीण लागते. ऑक्टोबर २०२६ च्या सुरुवातीला शनी सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असेल आणि रात्रभर दिसेल. मुलाने स्वतः पाहून वहीत तारीख, वेळ आणि दिशा लिहिली, तर ते प्रकल्पातील सर्वांत अस्सल पान ठरेल.

दुर्बिणीतून कडी बारीक का दिसतात?

इंटरनेटवर रुंद कडी पाहिलेली मुले सध्या दुर्बिणीतून पाहताना हिरमुसण्याची शक्यता आहे. शनीचा अक्ष सुमारे २६.७ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे एका फेरीत दोनदा कडी आपल्याला अगदी काठावरून दिसतात, जणू ताट डोळ्यांच्या रेषेत आडवे धरले आहे. २३ मार्च २०२५ रोजी अशी स्थिती आली होती. आता ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. पुढची काठावरची स्थिती २०३८-३९ मध्ये येईल.

याच गोष्टीने गॅलिलिओलाही चकवले होते. १६१० मध्ये त्याच्या लहान दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे काही तरी दिसले. १६१२ मध्ये ते गायब झाले आणि तो बुचकळ्यात पडला. ही ग्रहाभोवतीची सपाट कडी आहेत, हे स्पष्टीकरण ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केले. १६७५ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाला कड्यांमधील मोठी फट दिसली. कडी अखंड असूच शकत नाहीत, ती असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत, हे १८५९ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने गणिताने दाखवले. चंद्रांचे आकडे बदलतात तशी शनीबद्दलची समजही टप्प्याटप्प्याने सुधारत आली आहे. सादरीकरणाची सुरुवात करायला ही गोष्ट चांगली आहे.

मॉडेल करताना प्रमाण कसे ठेवायचे?

बाजारात मिळणारा तयार शनी आणि घरी मापाने केलेला शनी यांतला फरक परीक्षकांच्या लगेच लक्षात येतो. प्रमाण सोपे ठेवावे: १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर.

* शनीचा गोळा: मध्यावर १२ सेंटिमीटर, म्हणजे जुन्या सीडीएवढा. वरून खाली मात्र १०.९ सेंटिमीटर. फुग्यावर कागदाचा लगदा चढवून तो किंचित चपटा करता येतो.
* कडी: केंद्रापासून ७.५ ते ९.२ सेंटिमीटर फिकट कडे, ९.२ ते ११.८ सर्वांत तेजस्वी कडे, ११.८ ते १२.२ कॅसिनीची फट आणि १२.२ ते १३.७ बाहेरचे कडे. एवढा कंपास नसेल तर दोऱ्याला पेन्सिल बांधून वर्तुळे काढावीत.
* टायटन हा सर्वांत मोठा चंद्र: सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. तो शनीपासून १ मीटर २२ सेंटिमीटरवर ठेवावा लागेल, म्हणजे बहुधा टेबलाबाहेर.
* पृथ्वी: १३ मिलिमीटरपेक्षा थोडी लहान गोटी.
* सूर्य: १ मीटर ३९ सेंटिमीटरचा गोळा आणि तोही सुमारे १.४ किलोमीटर दूर. शाळेपासून तेवढ्या अंतरावरचा एखादा चौक किंवा बसथांबा शोधून ‘आमचा सूर्य तिथे आहे’ असे सांगता येईल.

एक गोष्ट मात्र या प्रमाणात बनवता येणार नाही. मुख्य कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी फक्त १० मीटरच्या आसपास आहे. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे या मॉडेलमध्ये तो १०० किलोमीटर जाड झाला. खऱ्या कड्यांच्या दहा हजार पट! मॉडेलमधील ही त्रुटी मुलाने स्वतःहून सांगितली, तर प्रमाण समजल्याची ती खूण ठरते.

सादरीकरणात काय बोलायचे?

तीन-चार मिनिटांत वीस आकडे पाठ म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी नीट समजावणे चांगले. पाठ केलेले मूल मध्येच प्रश्न आला की अडखळते. परीक्षक विचारू शकतील असे काही प्रश्न आणि त्यांची तयारी अशी करता येईल.

शनी पाण्यावर तरंगेल का? इथे छोटे गणित दाखवावे. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण आकारमान सुमारे ७६४ पट. ९५ भागिले ७६४ म्हणजे सुमारे ०.१२४. पृथ्वीची घनता दर घन सेंटिमीटरला ५.५१ ग्रॅम. त्याला ०.१२४ ने गुणले की सुमारे ०.६८ येते. पाण्याची घनता १, म्हणजे शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी. पण तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे, चेंडूसारखा टणक नाही. त्यामुळे ‘तरंगेल’ ही फक्त घनता समजावण्यासाठीची कल्पना आहे, हेही सांगावे.

कडी कशाची आहेत? मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे तुकडे. काही धुळीच्या कणाएवढे, तर काही घराएवढे.

फक्त शनीलाच कडी आहेत का? नाही. गुरू, युरेनस आणि नेपच्यूनलाही आहेत, पण ती फार अंधूक आहेत.

तिथे जीवसृष्टी असू शकते का? शनीवर नाही, पण शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्या दोन चंद्रांकडे आहे. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना कॅसिनीने २००५ मध्ये पाहिले. त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे. टायटनवर नायट्रोजनचे दाट वातावरण आणि मिथेन-इथेनची सरोवरे आहेत. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे उपयान तिथे उतरले होते. नासाचे ‘ड्रॅगनफ्लाय’ हे उडते यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर पोहोचावे, अशी योजना आहे.

आणि साडेसाती? मराठी घरात शनीचा प्रकल्प केला तर हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. तो टाळू नये, त्याचे गणित सांगावे. शनीला राशीचक्राच्या बारा राशी पार करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षे होतात. साडेसाती हा शब्द असा शनीच्या वेगातून आला. ‘शनैश्चर’ या नावाचा अर्थही हळूहळू चालणारा असाच आहे. दुर्बीण नसलेल्या काळात लोकांनी हा वेग नुसत्या डोळ्यांनी ओळखला होता, ही कौतुकाची बाब आहे. मात्र १४३ कोटी किलोमीटरवरचा ग्रह कोणाचे परीक्षेतील गुण किंवा नोकरी ठरवतो, याला वैज्ञानिक पुरावा नाही. आजी-आजोबांच्या श्रद्धेची थट्टा न करता हे एवढेच सांगितले तरी पुरे.

उत्तर येत नसेल तर? ‘हे मी शोधलेले नाही, शोधून सांगेन’ असे म्हणावे. अंदाजाने आकडा फेकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पुस्तकातील आकडा वेगळा असेल तर?

लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकातील आकडा लिहिणे व्यवहाराचे. प्रकल्पात मात्र दोन्ही आकडे वर्षासह द्यावेत आणि सादरीकरणाच्या आधीच शिक्षकांना दाखवावेत. ‘पुस्तक चुकले’ असे म्हणायची गरज नाही. ‘पुस्तक छापल्यानंतर नवे चंद्र सापडले’ हे अधिक अचूक आहे. तारीख आणि ठिकाण लिहिलेले असले, की शिक्षकांनाही तो आकडा तिथल्या तिथे पडताळता येतो.

पालकांनी सामान आणून द्यावे, कात्री-कटर वापरताना सोबत राहावे, आकाश पाहायला गच्चीवर घेऊन जावे. आकडे शोधणे, तपासणे आणि तक्त्याचा तिसरा रकाना भरणे मात्र मुलाकडेच राहू द्यावे. चंद्रांची संख्या पुढच्या घोषणेबरोबर बदलेल. तेव्हा हा प्रकल्प केलेले मूल ती बातमी वाचून जुन्या वहीत नवा आकडा आणि नवी तारीख स्वतःच लिहू शकेल.